मिस्त्रीच्या घागरी

माझी मान आज शाबूत आहे ती मोटारसायकली दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीमुळे. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. दुष्काळात आटलेल्या आमच्या तळ्यात मोटारसायकलींच्या शर्यती लागायच्या. त्यात मी मिस्त्रीची गाडी पळवायचो. पण गाडी देण्याआधी त्यानं मला महिनाभर डोक्यावर पाण्याच्या घागरी वाहायला लावल्या. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

"हसू दे. मान पक्की हुईल, अन् घरी पानी बी येईल," तो म्हणायचा.

शर्यतीआधी माझं हेल्मेट दोन्ही हातांनी गदागदा हलवायचा. "टोपासंगं मान हलाय पायजे. नुस्ता टोप हलला तर उतर खाली."

एकदा वळणावर मी डोक्यावर आपटलो. हेल्मेट तडकलं. स्वतः जुळवलेली, आडवी पडून धडधडणारी गाडी ओलांडून मिस्त्री माझ्यापाशी बसला.

"मान हलीव."

मी हलवली. मग त्यानं उठून गाडी बंद केली.