विभागातला दुपट्टा
कोऱ्या कापडाच्या खळीचा वास आला की कॉलेजातली ती दुपार आठवते. मी आणि माझा मित्र, दोघंही तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक. विभागप्रमुखांनी आमच्यापुढे पक्षाचे नवे दुपट्टे आणि सदस्यत्वाचे अर्ज ठेवले. मी मुकाट्याने सही केली. देवळीहून बसने येणारा मित्र मात्र म्हणाला, "सर, मले शिकवाले ठेवलं हाय, झेंडा धराले नाई." सर नुसते हसले. पुढच्या सत्रात त्याचे सगळे तास माझ्या नावावर लागले. "तू तरी सरले सांग ना," तो म्हणाला. हो म्हणूनही मी सरांशी बोललो नाही. आता मी कायम झालोय. परवा तो बसस्टँडवर भेटला. "बरे हाय ना तुमी, सर?" परक्यासारखं विचारून तो बसमध्ये चढला.