पहाटेची बादली

माझ्या धाकट्या भावाला घरात सगळे 'पारा' म्हणतात. बंदरावरच्या हवामान कार्यालयात त्याने उभी हयात रोज पहाटे बादलीभर समुद्र वर ओढून त्यात तापमापक बुडवण्यात घालवली. निवृत्त झाला, पण बादली काही सुटली नाही. आता ती बादली घेऊन तो सुनेच्या डोक्यावर बसलाय. खाडीच्या तोंडाशी खोल पाण्यात तिचे माशांचे पिंजरे आहेत, आणि घरातली सगळी पुंजी त्या माशांत.

यंदा उन्हाळा कडक, वारा नावालाही नाही. वरचं पाणी तापलं म्हणून तिने पिंजरे खाली सोडले होते. एका संध्याकाळी वादळ आलं, धिंगाणा घातला आणि निघून गेलं. दुसऱ्या पहाटे पाऱ्याने जाहीर केलं, "उतरलं तापमान! पिंजरे वर घ्या, खाणं टाकायला सोपं."

"अरे, वाऱ्याने खालचं गार पाणी वर घुसळलं, एवढंच," मी म्हटलं. "ऊन पडलं की पुन्हा तापेल."

"ताई, तू कॉलेजात शिकलीस, मी समुद्रात."

"बादलीत!"

सासऱ्यांचा शब्द, सुनेने पिंजरे वर घेतले. वारा पडला, ऊन परत तळपायला लागलं. पारा रोज पहाटे बादली ओढून म्हणे, "चढलंय जरासं, चालेल." पहाटे चालणारच! रात्रभर निवलेलं पाणी ते. वारा नसला की वरचा थर तापतो भर दुपारी, आणि दुपारी हे महाराज घोरत पडलेले. एकदा दुपारी बघ म्हटलं, तर म्हणे, "वेळ बदलली की आकड्यांना अर्थ राहत नाही." कपाळ माझं!

शेवटी एका दुपारी सून धापा टाकत आली. "आत्या, मासे वर येऊन तोंडं उघडताहेत! बाबांना उठवू?"

"त्याला कशाला? आधी दोर सोड, पिंजरे खाली गार पाण्यात जाऊ देत!"

काही मासे गेले, बरेच तगले. तेवढ्यात पारा आलाच, डोळे चोळत, बादली घेऊन. आयुष्यातली पहिली दुपारची बादली ओढली. तापमापक पाहिला, झटकला, पुन्हा पाहिला.

"बिघडलाय हा."

सुनेने दोराची गाठ करकचून आवळली. "नवा आणू, बाबा. पण पिंजरे आता मी सांगेन तेव्हाच वर येतील."

त्याने आशेने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघतोस? बादली रिकामी कर."