विष्णूचा काटकसरी रेडिओ

फ्रीगंजातल्या विष्णू मुळ्येला कुठलीही गोष्ट पूर्ण बघणं म्हणजे उधळपट्टी वाटे. मालिकेचा आठवड्यातून एकच भाग बघून तो सगळी गोष्ट सांगायचा. बहुतेकदा चुकीची.

बँकेतून निवृत्त झाल्यावर घरी बनवलेला रेडिओही तसाच. हवेतली लहर सेकंदाला कोट्यवधी हेलकावे घेते. तेवढ्या वेगाने मोजणारी चिप महाग, म्हणून विष्णूने अधूनमधून मोजणारी आणली. तिलाही लहर सापडते, फक्त कमी वेगाची होऊन, खालच्या जागी उतरून दिसते. बायकोला, विनोदिनीला, तो भैरवगढची छापील चादर घडी करून दाखवी. "वरच्या घडीचा रंग खाली झिरपला, समज." पण घड्या अनेक, सगळ्यांचेच रंग झिरपणार. म्हणून नको त्या लहरी अडवणारी गाळणी हवी. ती त्याने हिंगाच्या डबीत बसवली होती.

हा खटाटोप घरातल्या म्हाताऱ्या दत्तूकाकांसाठी. काका विसराळू, म्हणून त्यांच्या बंडीत टिकटिक करणारा छोटा ट्रान्समीटर शिवला होता.

आणि आज काका गायब! इन्सुलिन टोचलेलं, जेवण बाकी. साखर उतरली की काका असतील तिथेच कोसळणार.

"तुम्ही लक्ष ठेवून होतात ना?" स्कूटरवर मागे अँटेना धरून बसलेली विनोदिनी ओरडली.

"तासातासाला बघत होतो! दर वेळी खुर्चीतच होते."

कानातल्या इअरफोनमध्ये खरखर वाढत होती. विष्णूने स्कूटर पिटाळली ती थेट एफएमच्या टॉवरखाली.

"इथेच! सिग्नल वरून येतोय."

"अहो, स्टुलावर चढले तरी गरगरतं त्यांना. टॉवरवर काय करतील?"

इतक्यात विष्णूच्या कानात मसाल्याची जाहिरात घुमली. हा तर एफएमचाच रंग झिरपलेला!

"गाळणी कुठाय?" विनोदिनीने विचारलं.

"डिकीत. तिच्यात सिग्नल थोडा वाया जातो गं, म्हणून..."

"धन्य आहे तुमची!"

त्याने डबी जोडली. टॉवर गप्प झाला. आता ऐकू आली बारीक टिकटिक, देवास गेटच्या बाजूने.

बसस्टँडवर इंदूरच्या बसचं इंजिन सुरू झालं होतं. खिडकीशी काका, घामाने डबडबलेले, डोळे अर्धे मिटलेले. "भैया, रोको!" म्हणत विनोदिनी आत घुसली, आणि समोरच्या हातगाडीवरचा उसाचा रस विष्णूने घोटघोट पाजला. दोन लांबलचक मिनिटांनी काका बोलले, "बर्फ जास्त आहे रे."

कंडक्टर हसला. "बाबूजी तो रोज आते हैं. थोड़ी देर बैठते हैं, गाड़ी छूटने से पहले उतर जाते हैं. आज उठे ही नहीं."

"रोज?" विष्णू बोटांवर तास मोजू लागला. त्याच्या दोन फेऱ्यांच्या मधेच काका जाऊन येत होते.

दुसऱ्या दिवशी त्याने काकांच्या खुर्चीला लावून आपली खुर्ची मांडली आणि डोळे रोखून बसला. काकांनी जरा वेळ सोसलं, मग काठी उचलली.

"नुसता बघत काय बसतोस? चल, बस लागली असेल."

विनोदिनीने विष्णूच्या खिशात ग्लुकोजचा पुडा कोंबला. दोघं निघाले.