तालमीतला शेतकरी

लातूर आणि नांदेडच्या किराणा दुकानांत सध्या माझा मुक्काम तूरडाळीच्या पाकिटात आहे. पाकिटाच्या मागच्या बाजूला काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन छापलेला असतो. त्याच्यावर मोबाईल धरा, की मी बाहेर येतो. डोक्याला केशरी फेटा, कपाळाला गंध, हातात बासरी. मी घसा साफ करतो आणि सांगतो, की ही तूर फुलोऱ्यात असताना मी रोज सकाळी बांधावर बसून तिला बासरी ऐकवतो, म्हणून ही डाळ दोन शिट्ट्यांत लोण्यासारखी शिजते.

मला बासरी वाजवता येत नाही. मला शेतही नाही. तूर आणि हरभरा शेजारी-शेजारी उभे केले तर मी दोघांनाही आदराने नमस्कार करीन आणि पुढे जाईन.

मी दिवसा नांदेडात एका कॉलेजच्या ऑफिसात कारकुनी करतो आणि संध्याकाळी जो बोलावेल त्याच्याकडे सूत्रसंचालन. लग्न, सत्कार, दुकानाचं उद्घाटन, कुणाची निवृत्ती. माईक माझ्या हातात आला की मला जेवण आठवत नाही. या धंद्याचं शास्त्र अगदी सोपं आहे. चार वाक्यं बोलायची, एक टाळी घ्यायची, "आता मी आमंत्रित करतो" म्हणायचं आणि बाजूला व्हायचं. ज्याला बाजूला होता येत नाही त्याला लोक दुसऱ्यांदा बोलावत नाहीत.

माझी थोरली बहीण लातूरजवळच्या मुरूडला असते. आम्ही सगळे तिला आक्का म्हणतो. दाजी गेल्यापासून वाट्याचा जमिनीचा तुकडा तीच कसते. पेरणी तिची, फवारणी तिची, रानडुकरं हाकलणं तिचं. कागदावर नाव मात्र दिराचं. दीर काही वाईट माणूस नाही. "करू की वहिनी, जाऊ तलाठ्याकडं," असं तो दर उन्हाळ्यात म्हणतो आणि मग पावसाळा येतो. शेतकऱ्यांची बैठक असली की निरोप आक्काच्या दारात येतो, "भाऊजींना सांगा" म्हणून.

आक्काची मुलगी, म्हणजे माझी भाची, नांदेडला एका कंपनीत प्रोग्रॅम लिहिते. कंपनी म्हणजे मोंढ्याजवळचा एक अंधारा जिना आणि वर दोन खोल्या. काम ब्लॉकचेनचं. तिने मला एकदा भाकरी खाता खाता समजावलं होतं. एक वही, तिच्या प्रती हजारो कॉम्प्युटरांत, आणि सगळ्या सारख्या. एकाने खाडाखोड केली तर बाकीचे ती मानत नाहीत. लिहिलं ते लिहिलं. अडचण एवढीच होती, की त्या वहीत एक ओळ लिहायलाही फार वेळ लागायचा आणि ते परवडायचंही नाही. मग नवी पद्धत आली. ओळी आधी बाजूला जमवायच्या, त्यांचं गाठोडं बांधायचं आणि मोठ्या वहीत फक्त गाठोड्याची नोंद करायची. आता एकेका बाईची, एकेका पोत्याची ओळ लिहिणं जमायला लागलं.

हे घेऊन ती मुरूडच्या महिला गटाकडे गेली. गटाची छोटी डाळमिल आहे. बायका आपापली तूर आणून भरडतात आणि पाकिटं करून विकतात. भाचीने पहिला थर, दुसरा थर असं सुरू केलं तशा बायका एकमेकींच्या बांगड्या बघायला लागल्या. मग माईक मी घेतला.

"समजा, तुम्ही प्रत्येकजणी आपलं एक पोतं घेऊन एसटीनं लातूरला चाललाय. परवडंल का? त्यापेक्षा समद्यांची पोती मुरूडातच एका टेम्पोत भरायची. नाक्यावर पावती एकच, टेम्पोची."

माना हलल्या. टाळी येणार, तेवढ्यात मागून एक बाई म्हणाली, "आन् टेम्पोवाल्यानं वाटंत पोतं बदललं तर?"

भाची खूश होऊन उभीच राहिली. "काकू, खरा प्रश्न तर हाच आहे," म्हणाली, आणि टेम्पोवाल्याला खोटं करता येऊ नये म्हणून जगभरातली हुशार माणसं काय काय करत आहेत, ते तिने इतकं सविस्तर सांगितलं, की त्या काकूला चहा ठेवायचं आठवलं आणि ती गेली.

बायका तयार झाल्या त्या वेगळ्याच कारणाने. या नोंदीला सातबारा लागत नव्हता. बाईने कॅमेऱ्यासमोर दोन शब्द बोलायचे आणि शेजारच्या बांधावरच्या बायकांनी साक्ष द्यायची, की हे शेत हीच करते. झालं.

आक्का सगळ्यात शेवटी बोलली. "म्हंजे माझं नाव शेतकरी म्हणून येणार?"

"येणार, आई."

"आन् उद्या कुणी खोडलं तर?"

"कुणालाच खोडता येत नाही."

आक्काने पदर सारखा केला. "मंग पैलं माझं लिव," ती म्हणाली.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात मी भाचीचा डबा घेऊन त्या अंधाऱ्या जिन्याने वर गेलो. ती म्हणाली, "मामा, जरा कॅमेऱ्यासमोर बसा. नुसतं तोंड हलवा, आवाज नीट येतो का बघायचंय. आईच्या शेताच्या चार कोपऱ्यांचे नकाशातले आकडे मला पाठ आहेत, म्हणून तेच शेत घेतलंय."

"हे कुठं जाणार?"

"कुठंच नाही. सरावाची साखळी वेगळी असते. तुमच्या भाषेत तालीम. खरी साखळी म्हणजे प्रयोग."

तालीम म्हटल्यावर माझं जे व्हायचं ते झालं. मी खाली उतरलो. जिन्याखाली एका चाचांचं शिवणकामाचं दुकान आहे. आमच्या हौशी नाटकांचे कपडे तेच शिवतात. म्हटलं, "चाचा, एक फेटा बांधा."

चाचांनी चष्म्यावरून बघितलं. "किसान का बांधूं के दूल्हे का?"

"शेतकऱ्याचा."

"तो सीधा बैठो. ऐसे हंसनेवाला किसान मैं देखा नहीं."

बासरी त्यांच्याच नातवाची, जत्रेतली. वर जाऊन मी बसलो. पडद्यावर "संमती" असं काहीतरी आलं, त्यावर झोकात अंगठा दाबला, साक्षीच्या चौकटीत भाचीने तालमीपुरतं स्वतःच 'हो' दाबलं आणि मी सुरू झालो. सातव्या पिढीचा शेतकरी झालो. तुरीला बासरी ऐकवली. मग बैलांची आठवण निघाली आणि माझे डोळेही पाणावले. भाची हसून हसून टेबलावर पडली. पडद्यावर हिरव्या अक्षरांत "नोंद झाली" आलं. आम्ही दोघांनी डबा खाल्ला. वांग्याचं भरीत होतं. इतका सुखाचा दिवस मला त्या वर्षात दुसरा आठवत नाही.

उद्घाटन मुरूडच्या समाजमंदिरात, तूर निघाल्यावर, सकाळी. सूत्रसंचालन अर्थात मी. कंपनीचे साहेब आले होते, तिशीचा मऊ बोलणारा मुलगा. गटाच्या बायका ठेवणीतली लुगडी नेसून आल्या होत्या. आक्का पुढे खुर्चीवर, गुडघ्यावर दोन्ही हात ठेवून बसलेली. तिची नोंद पहिली, आणि ती सगळ्यांसमोर व्हायची होती. बोलायची तीन वाक्यं तिने आठवडाभर घोकली होती. "हे शेत मी करते. तूर मी पेरली, मी राखली, मी काढली. मी शेतकरी हाय." फोनवर मी तिला सुचवलं होतं की शेवटी एखादा शेर टाकू. ती म्हणाली, "शेर नगं. खरं हाय तेवढंच बोलते."

मी तिला आमंत्रित केलं. भाचीने भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर शेत निवडलं. पडदा क्षणभर पांढरा झाला आणि अक्षरं आली: या शेताची पहिली नोंद झालेली आहे. आणि मग मी आलो. आठ फूट उंच, फेट्यासकट.

मी माईक धरून उभा होतो आणि माझ्या पाठीमागे मी बासरी वाजवत होतो. आयुष्यात इतका मोठा हशा मी कधी घेतलेला नाही. "आगं बया, सूत्रसंचालक पेरला व्हता व्हय आवंदा?" "मामा, आमच्या हरभऱ्याला बी या की वाजवाया!" बायका एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. आणि मी, देवाशपथ, पहिल्या चार-पाच क्षणांत खूश झालो. मग आक्काकडे बघितलं.

ती हसत नव्हती. रागावलीही नव्हती. ती पडद्याकडे बघत होती, पडद्यावरच्या बांधाकडे, जिथे तिचे चार कोपरे आखले होते.

"पूस ते," ती मुलीला म्हणाली.

भाचीचा चेहरा उतरला होता. "पुसता येत नाही, आई."

"कुणालाच?"

"कुणालाच."

"व्हय," आक्का म्हणाली. "तू म्हनलीच व्हतीस."

झालं होतं ते असं. दिवाळीनंतरच्या त्याच आठवड्यात भाचीच्या कंपनीत नवी अवजारं आली होती. पूर्वी सरावाची आणि खरी अशा दोन साखळ्यांसाठी दोन वेगळ्या खटपटी असायच्या. आता एकाच पडद्यावर, वरच्या कोपऱ्यात करंगळीच्या नखाएवढं बटण. डावीकडे सराव, उजवीकडे खरी. ते उजवीकडे राहिलं होतं. पूर्वी खरी नोंद जायला इतका वेळ लागायचा की माणूस चहा पिऊन यायचा आणि चूक वाटेतच सापडायची. आता दोन्हीकडे पापणी लवायच्या आत हिरवी अक्षरं येतात. भाची रडत सांगत होती, "मामा, दोन्ही इतक्या सारख्या झाल्यात ना, की कळतच नाही." तिच्या क्षेत्रातली हीच मोठी प्रगती होती.

मी हात-पाय मारले. साहेबांना म्हटलं, माझी संमती नाही. ते हळुवारपणे म्हणाले, "सर, अंगठा तुम्हीच दाबलाय. तोही तिथेच आहे." म्हटलं, शेताला नवा नंबर द्या. म्हणाले, नंबर जमिनीच्या चार कोपऱ्यांवरूनच पडतो, दुसरी जमीन कुठून आणू? म्हटलं, मी लेखी देतो की मी खोटारडा आहे. म्हणाले, तीही एक नोंद होईल, यानंतरची. मी जन्मभर तोंडावर जगलेला माणूस. ज्याच्याशी बोलून काही उपयोग नाही अशी वस्तू मला पहिल्यांदाच भेटली.

शेवटी साहेबांनी तोड काढली. साखळीतून काढता येणार नाही, पण मोबाईलच्या पडद्यावर लपवता येईल. पाकीट दाखवलं की आक्काचीच दुसरी नोंद दिसेल. पहिली आत राहील, कुणी खणून काढली तरच निघेल.

आम्ही सगळे सुटलो असं मला वाटलं. आक्का म्हणाली, "लपवू नगा."

"आक्का, अगं तुझ्याच भल्याचं आहे."

"लपवलेलं लई बघितलं मी. कागदावर दिराचं नाव दिसतं, मी आत हाय म्हणत्यात. कुणी खणत न्हाई, बाबा." तिने साहेबांकडे बघितलं. "झालं ते झालेलं दिसू द्या. त्याच्यापुढं माझं लिवा."

मग ती कॅमेऱ्यासमोर बसली. घोकलेली तीन वाक्यं तिने टाकून दिली. म्हणाली, "ह्याच्या आधी बोलला तो माझा भाऊ हाय. त्याला तुरीतलं काही कळत न्हाई. शेत मी करते. तूर माझी हाय." उठता उठता म्हणाली, "आन् बासरी बी येत न्हाई त्याला."

शेजारच्या बांधावरच्या बायकांनी साक्ष दिली. हिरवी अक्षरं आली. या वेळी भाचीने ते बटण तीनदा बघितलं होतं.

आता व्यवस्था अशी आहे, की आक्काच्या तुरीच्या पाकिटावर मोबाईल धरला की आधी मी येतो. माझं सगळं संपलं की खाली "पुढे" असं येतं. ते दाबलं की आक्का येते. आणि लोक दाबत नाहीत. मला बघतात, हसतात, एकमेकांना पाठवतात आणि फोन खिशात. लातुरात दुकानदाराकडे "बासरीवाली डाळ" मागतात. आजूबाजूचे गट कंपनीकडे नोंदीसाठी येत आहेत. देगलूरकडच्या एका गटाने विचारलं, ते फेटेवाले मामा आमच्यासाठी तेलुगूत बोलतील का. साहेब खूश आहेत. भाचीची नोकरी राहिली, त्याचा मला आनंद आहे. पण आक्काकडे किती लोक पोहोचले, तो आकडा गावाच्या नावासकट तिच्याच मोबाईलवर दिसतो. नाहीतर मी संध्याकाळी फोनवर थापा मारून तिच्याकडे अर्धं नांदेड पोहोचवलं असतं.

म्हणून मी दुकानांत जाऊन उभा राहतो. फेट्याशिवाय मला कुणी ओळखत नाही. परवा एक बाई पाकीट स्कॅन करून हसत होत्या.

"ताई, पुढचं दाबा की."

"पुढं काय हाय?"

"शेतकरी."

"मंग हा कोण?"

"हा सूत्रसंचालक."

"चांगला हाय की," त्या म्हणाल्या आणि पाकीट पिशवीत टाकून गेल्या.

मी मग फळीवरचं पाकीट घेतलं आणि माझाच मोबाईल त्यावर धरला. मधलं काही गाळता येत नाही, सगळं बघावं लागतं. सातवी पिढी, बासरी, बैल, पाणावलेले डोळे. दुकानाच्या कोपऱ्यात उभा राहून मी माझं सगळं ऐकलं आणि "पुढे" दाबलं. आक्का आली.

संध्याकाळी तिचाच फोन आला.

"नांदेडात एकानं दाबलंय आज."

"हो का?"

"तूच व्हय?"

मी घसा साफ केला.

"बोल की," आक्का म्हणाली. "तितं तर लई बोलतूस."