नीलकंठभाऊजी खाली बसले

आमच्या शेजारचे नीलकंठभाऊजी अठरा वर्षं कचेरीच्या बेसबॉल संघात कॅचर होते. फलंदाजाच्या मागे उकिडवं बसून चेंडू झेलायचा आणि मांड्यांच्या आडोशाला बोटं नाचवून गोलंदाजाला खुणा करायच्या, हे त्यांचं काम. आमच्या या हिंदी मुलखात, सीपरी बाजारात, मात्र सगळे त्यांना "विकेटकीपर साहब" म्हणत. पहिली दहा वर्षं त्यांनी समजावून सांगितलं. मग नुसता नमस्कार करून पुढे जाऊ लागले.

गुडघे गेले तसे भाऊजी मॅनेजर झाले. आता गणपतीच्या जेवणाला ते आधी खुर्ची शोधतात, मग पान. बोटांच्या खुणा त्यांनी साऱ्या संघाला शिकवल्या. पण उभ्याने केल्या की अख्ख्या मैदानाला दिसत. म्हणून त्यांनी शक्कल काढली. हिंदी-बुंदेली बोलणाऱ्या खेळाडूंना "पळ", "थांब" असे मराठी शब्द पढवले आणि खुशाल ओरडू लागले. समोरच्यांना काही कळायचं नाही. तरी बक्षीस कधी आलं नाही ते नाहीच.

यंदा साहेबांनी सांगून टाकलं, "नीलकंठजी, पहला मैच हारे तो बेसबॉल बंद. आप कैरम की टीम सँभालिए." कॅरमबोर्ड आणूनही ठेवला!

आणि पहिलाच सामना पडला नागपूरशी.

मी डबे घेऊन गेले होते. भाऊजी ओरडले, "पळ!" आमचा गडी बाद. पुन्हा ओरडले, पुन्हा बाद. नागपूरचा कॅचर हसत म्हणाला, "काका, थोडं हळू बोला ना. आम्हाले सगळं समजून राहिलं!"

शेवटच्या डावात बरोबरी. आमचा जयसिंग तिसऱ्या बेसवर. तो शेवटच्या बेसला पोचला की जिंकलो. भाऊजी घामाघूम होऊन माझ्याकडे आले.

"वहिनी, आता काय ओरडू?"

"ओरडू नका. जन्मभर केलंत तेच करा."

"खाली बसू? आणि उठवणार कोण?"

"ते मागाहून बघू."

भाऊजी जयसिंगजवळ जाऊन उकिडवे बसले. गुडघ्यांचा आवाज मला डब्यांपाशी ऐकू आला. मांड्यांआड दोन बोटं हलली आणि जयसिंग सुटला, तो धुळीत घसरतच पोचला. जिंकलो!

सगळे नाचायला लागले. भाऊजी होते तिथेच.

"दद्दा, उठो!" जयसिंग ओरडला.

"अरे, उठ पाते तो नाचते नहीं क्या?"

शेवटी चौघांनी त्यांना तसंच, बसल्या बसल्या उचललं. कचेरीत लावलेल्या फोटोतही ते चार खांद्यांवर उकिडवे आहेत.

कॅरमबोर्ड आता आमच्या व्हरांड्यात असतो. संध्याकाळी भाऊजी येतात, खेळतात. खुर्चीवर बसून.