आधी कधी न ऐकलेलं

तीन बहिणींत ती सगळ्यांत मोठी, म्हणून घरात तिला थोरली म्हणायचे. फ्रेमच्या दुकानात कामाला लागल्यावर तिथेही तेच नाव चिकटलं. लोक फोटो, चित्रं, प्रमाणपत्रं घेऊन यायचे आणि थोरली त्यांना चौकट आणि काच चढवून द्यायची. लाकडाची पट्टी तिरकी कापायची, कोपरे जुळवायचे, काचेवर हिऱ्याने रेघ मारून ती हलक्या हाताने मोडायची. हात कामात आणि कान रेडिओत, असा तिचा दिवस कसा सरायचा ते तिलाही कळायचं नाही.

गाण्याचं वेड लहानपणापासूनचं, पण ते जरा हट्टी होतं. तरुणपणी जी गाणी मनात बसली ती बसली. त्यापुढचं काही कानावर आलं की तिच्या कपाळाला आठी पडायची. कॅसेटी गेल्या, सीड्या आल्या, पण कपाटातली गाणी तीच. धाकटी बहीण चिडवायची, "ताई, तुझ्या गाण्यांना आता पेन्शन सुरू झाली असेल." थोरली तिकडे कानाडोळा करायची. कुठे बासरी येते, गायिका कुठे श्वास घेते, हे तिला घराच्या जिन्यासारखं पाठ होतं. डोळे मिटून चढली असती तरी पायरी चुकली नसती.

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. मोजकं बोलणारा माणूस. गाण्यातलं त्याला एवढंच कळायचं की एक संपलं की दुसरं सुरू होतं. पण बायको स्वयंपाकघरात गुणगुणत असली की घरात सगळं ठीक चाललंय, हे मात्र तो बरोबर ओळखायचा.

पन्नाशीच्या आसपास थोरलीला एक दांडगा ताप आला. ताप उतरला, अंगात ताकद आली, पण कान काही पूर्वपदावर आले नाहीत. सुरुवातीला तिने ते कुणाला कळू दिलं नाही. समोरचा बोलला की हसून मान डोलवायची. या मान डोलवण्याने एकदा घोटाळा केला. एका गिऱ्हाइकाने बजावून सांगितलं, "काळी चौकट नको हं, पांढरी करा." हिने मान डोलावली आणि चार दिवसांनी त्याच्या हातात काळीभोर चौकट ठेवली. दुकानाचे मालक भले गृहस्थ. त्यांनी चौकट बदलून दिली आणि गिऱ्हाईक गेल्यावर तिच्या समोर येऊन मोठ्याने, पण न रागावता म्हणाले, "थोरलीताई, आधी कान दाखवून या. दुकान कुठे पळून जात नाही."

कानाच्या दवाखान्यात तपासणी करणाऱ्या बाई होत्या. त्यांनी तिला काचेच्या खोलीत बसवून कान तपासले आणि पुढच्या खेपेला दोन्ही कानांना मशीन लावून दिलं. रस्त्यावर आल्यावर थोरलीला आपल्याच चपला ऐकू आल्या. नवऱ्याच्या हातातली पिशवी केवढ्याने वाजत होती. ती हरखून गेली. "अहो, तुमचा आवाज इतका घोगरा कधी झाला?" तिने विचारलं. "मोठ्याने बोलून बोलून," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी त्याने आयुष्यात पहिल्यांदा आपण होऊन तिचं गाण्यांचं कपाट उघडलं आणि तिचं सगळ्यांत लाडकं गाणं लावलं. गाणं सुरू झालं आणि थोरलीचा चेहरा उतरला. बासरी पत्र्यावर खिळा ओढल्यासारखी वाजत होती. गायिका तीच, पण आवाज तिचा नव्हता. ओळखीचं माणूस दारात यावं आणि तोंड उघडल्यावर भलतंच कुणी निघावं, तसं झालं. तिने दुसरं लावलं, तिसरं लावलं. मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि भांडी घासता घासता रडून घेतलं.

"मशीन बदलून आणू या का?" नवऱ्याने दारात उभं राहून विचारलं.

दुसऱ्या दिवशी दोघं पुन्हा दवाखान्यात गेली. बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. "मशीन चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "गाण्यासाठी वेगळं सेटिंग करून देते, आवाज थोडा मऊ होईल. पण खरं सांगू का? ती गाणी तुमच्या डोक्यात जशीच्या तशी आहेत. आता कानातून जे येतं ते त्यांच्याशी जुळत नाही. डोकं दर वेळी दोन्ही शेजारीशेजारी ठेवून बघणार."

थोरलीने मान डोलावली. या वेळी ऐकून डोलावली, एवढाच फरक.

सेटिंगने कर्कशपणा गेला, पण ती गाणी परकीच राहिली. तिने कपाट बंद केलं. दुकानात मालकांना म्हणाली, "रेडिओ राहू द्या आता, डोकं दुखतं." घरातलं गुणगुणणंही थांबलं. नवरा लिफ्टचा माणूस, काही बंद पडलं की त्याचे हात शिवशिवायचे. पण इथे कुठला स्क्रू आवळायचा ते त्याला समजेना. वर्षभर त्या घरात फक्त माणसं बोलायची, तीही कामापुरती.

पुढे एका रविवारी त्याला मॅचचं वर्णन ऐकायचं होतं. कामावरच्या कुणीतरी त्याच्या मोबाइलमध्ये रेडिओचं अ‍ॅप टाकून दिलं होतं. त्यात पृथ्वीचा नकाशा दिसायचा, नकाशावर बारीक ठिपके, आणि ठिपक्यावर बोट ठेवलं की तिथलं स्टेशन लागायचं. लिफ्टच्या तारा ओढून ओढून याची बोटं झाली होती जाड. आपल्या शहरावर ठेवायला गेलेला अंगठा घसरला तो थेट समुद्रात, कुठल्याशा बेटावर पडला. मोबाइलमधून एक बाई गाऊ लागली. सोबत एकच तंतुवाद्य, तेही थांबत थांबत वाजणारं. भाषा ओ की ठो कळत नव्हती. तो घाईने बंद करायचं बटण शोधू लागला.

"राहू द्या," ओट्यापाशी भाजी चिरणारी थोरली म्हणाली.

"अगं, चुकून लागलंय."

"चुकून लागलंय तर लागू द्या."

तिने सुरी खाली ठेवली आणि खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली. गाणं छान होतं. त्याला तुलनाच नव्हती. त्या बाईचा खरा आवाज कदाचित याहून गोड असेल, ते वाद्य कदाचित वेगळंच वाजत असेल, पण थोरलीच्या डोक्यात त्याचं दुसरं काही रूपच नव्हतं. शेजारी ठेवून बघायला काही नव्हतं. ती बाई तिला भेटली ती अशीच भेटली. गाणं संपलं, दुसरं लागलं, तेही नवं. मॅच राहिली बाजूला. खूप वेळाने नवऱ्याने हळूच विचारलं, "बरं वाटतंय?"

"पूर्ण ऐकू येतंय," ती म्हणाली. तो उठला आणि राहिलेली भाजी त्यानेच चिरली.

तिथून थोरलीला जो नाद लागला तो लागलाच. कामावरून आली की हातपाय धुऊन ती नकाशा उघडायची. डोंगरातली स्टेशनं, बंदरातली स्टेशनं, विद्यापीठातली मुलं चालवतात ती स्टेशनं. कुठे पहाट असायची आणि निवेदक जांभई देत बोलायचा, कुठे पाऊस माइकवर पडतोय की काय असं वाटायचं. एखादं गाणं आवडलं की ते कुठल्या अल्बममधलं, ते शोधून काढायची आणि मग तो अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये न उठता ऐकायची. पुढचं गाणं पळवायचं नाही, हा तिचा कडक नियम. "एवढ्या मेहनतीने कुणी पंगत वाढली आणि आपण मधलंच ताट उचलायचं, हे काही बरं नाही," ती म्हणायची. जिला एकेकाळी नवीन गाणं म्हटलं की आठी पडायची, ती आता शुक्रवारी कोणते नवे अल्बम आले, हे वर्तमानपत्राआधी बघू लागली.

धाकटी एकदा घरी आली तेव्हा खोलीत ढोल आणि पितळी कर्णे दणदणत होते. "ताई, तुला यातलं काय कळतं?"

"काही नाही."

"मग?"

"बस ना जरा. मलाही नाही, तुलाही नाही. सोबत होईल."

धाकटी बसली. जाताना अल्बमचं नाव मोबाइलमध्ये लिहून घेऊन गेली, आणि पेन्शनचा विषय पुन्हा काही निघाला नाही.

दुकानात रेडिओ परत सुरू झाला. लोक कधीकधी जुन्या रेकॉर्डची मुखपृष्ठंही फ्रेम करायला आणायचे. पूर्वी ती मापं घेऊन बाजूला ठेवायची. आता आधी तो अल्बम शोधून ऐकायची आणि मगच पट्टीचा रंग ठरवायची. गिऱ्हाइकांना याचं अप्रूप वाटायचं. काही जण तर चौकट न्यायला यायचे आणि नवा अल्बम सांगून जायचे. मालक हसून म्हणायचे, "थोरलीताई, आपण चौकटी विकतो की गाणी?"

त्या बेटावरचं स्टेशन मात्र तिने सोडलं नाही. शनिवारी दुपारी तिथे एक बाई गाणी लावायची. आवाज वयस्कर, मध्येच खोकायची, आणि स्वतःच्याच विनोदाला हसायची. थोरलीला वाटायचं, हिला सांगायला हवं. पण सांगायचं कसं आणि कुठल्या भाषेत? अखेर नवऱ्याने मोबाइलवर भाषांतर कसं करायचं ते कामावरून शिकून घेतलं आणि दोघांनी मिळून निरोप लिहिला. 'मी फार लांब राहते. फोटोंना चौकटी करते. माझ्या कानांत मशीन आहे आणि माझी जुनी गाणी मला परत मिळाली नाहीत. तुमची मिळाली. आभारी आहे.' खाली तिने आपलं नाव लिहिलं.

पुढच्या शनिवारी ती बाई नेहमीसारखी बोलत होती आणि त्या न कळणाऱ्या बोलण्यात अचानक थोरलीचं नाव आलं. मोडकंतोडकं, भलत्याच अक्षरावर जोर दिलेलं, पण तिचंच. नवरा पंख्याचं बटण बसवत होता तो तसाच थांबला. "तुझं नाव घेतलं," तो म्हणाला, जणू तिला ऐकू आलं नसेल. बाई खोकली आणि तिने एक गाणं लावलं. उत्तर थोड्या वेळाने मोबाइलवर आलं. भाषांतर ओबडधोबड होतं, पण अर्थ लागत होता. स्टेशन मासेमारीची जाळी विकणाऱ्या दुकानाच्या मागच्या खोलीत होतं, चालवणारे तिघंच. 'कधीकधी वाटतं, कुणी ऐकतं तरी का,' तिने लिहिलं होतं. 'या आठवड्यात तसं वाटणार नाही.'

थोरलीने ते नवऱ्याला दोनदा वाचायला लावलं. कोण कुठल्या बायका, कुठल्या समुद्रापलीकडच्या खोलीत बसून गाणी लावतात आणि ती आपल्या ओट्यापर्यंत येऊन पोचतात. कुणाकुणाचे आभार मानावेत, तिला कळेना. म्हणून तिने त्या दिवशी जवळच्याचे मानले. "तुमचा अंगठा जाड आहे ते बरं झालं," ती म्हणाली. तो लाजला आणि पंखा सुरू करून बघू लागला.

गेल्या महिन्यात दवाखान्यातल्या बाईंचा फोन आला. गाण्याचे एक निवृत्त मास्तर होते. मशीन मिळाल्यापासून त्यांनी ते कपाटात टाकून दिलं होतं आणि घरात कुणाशी बोलत नव्हते. "तुम्ही जरा भेटाल का त्यांना?" बाईंनी विचारलं.

मास्तर दवाखान्याच्या बाकावर ताठ बसले होते. मशीन कानात होतं, पण बायकोच्या आग्रहाखातर. बायको शेजारी पिशवी घेऊन उभी होती. "जन्मभर दुसऱ्यांचे सूर दुरुस्त केले," मास्तर म्हणाले, "आता माझ्याच कानाला सूर लागत नाही. मला काही ऐकायचं नाही, बाई."

थोरलीने त्यांना काही समजावलं नाही. समजावणाऱ्यांना ती स्वतःच कंटाळली होती. तिने नकाशा उघडला, त्यांच्यासमोर धरला आणि म्हणाली, "तुम्हीच बोट ठेवा. जिथे कधी गेला नाहीत अशा ठिकाणी."

मास्तरांनी नाराजीनेच बोट ठेवलं. एका पुरुषाचा आवाज आला, मागे लाकडी काहीतरी टकटक वाजत होतं.

"हे बेसूर आहे की माझा कान?" त्यांनी विचारलं.

"मला नाही माहीत."

"मूळ कसं आहे?"

"तेही नाही माहीत. मी पण पहिल्यांदाच ऐकतेय."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांचं एक बोट गुडघ्यावर पडलं, पुन्हा पडलं, आणि ठेका धरू लागलं. एकदा चुकलं तेव्हा त्यांनी स्वतःशीच मान हलवली आणि पुन्हा पकडलं.

गाणं संपलं. थोरली मोबाइल पिशवीत टाकू लागली.

"थांबा," मास्तर म्हणाले. "पुढचं काय लागतं ते बघू."

त्यांच्या बायकोने पिशवी खाली ठेवली आणि तीही बाकावर बसली.