मालक कोण?

वेताच्या खुर्च्या विणण्यात वहिनींचा हात कुणी धरू शकत नसे. पण दुकानात फोन यायचा, पलीकडून कुणी "मालक आहेत का?" विचारायचं, आणि बाई गडबडीनं फोन नवऱ्याच्या हातात कोंबायच्या. आता नवऱ्याला वेत कुठला आणि बांबू कुठला हेही कळत नव्हतं, ही गोष्ट वेगळी! तो हसून म्हणायचा, "थांबा हं, मालकीणबाईंना देतो," की फोन परत वहिनींच्या कानाला. वर्षानुवर्षं हाच खेळ.

नवऱ्याकडे काम एकच, वेबसाइट सांभाळायचं. दुकान गल्लीत पार आत, गिऱ्हाईक यायचं ते वेबसाइटवरचे खुर्च्यांचे फोटो बघूनच. "एकदा पासवर्ड तरी लिहून घे," तो म्हणायचा. "हात ओले आहेत माझे," वहिनींचं ठरलेलं उत्तर. वेत भिजवल्याशिवाय वाकत नाही, तेव्हा हात कायमच ओले. मग तो गेला, आणि पासवर्डही त्याच्याबरोबर गेला.

आज दुकानाच्या फोनवर निरोप आला. वेबसाइट ठेवणारी कंपनी बंद होतेय, संध्याकाळपर्यंत आपल्या खात्यातून फोटो आणि फायली काढून घ्या, नंतर काही मिळणार नाही. नणंद धावत आली आणि चष्मा लावून कॉम्प्युटरपुढे बसली. 'पासवर्ड विसरलात?' वर टिचकी मारली, तर भावानंच घालून ठेवलेला प्रश्न समोर आला: मालक कोण?

"हा काय प्रश्न झाला!" वहिनींनी नवऱ्याचं नाव सांगितलं. चूक. आडनावासकट सांगितलं. तेही चूक. आता शेवटची एक संधी.

"जन्मभर ह्यांच्या नावानं दुकान चालवलं, आणि आता तेच चुकतंय होय!" गेलेल्या माणसावर वहिनी अशा काही चिडल्या, की चिडता चिडता रडूच फुटलं. "सगळे फोटो यांनीच काढलेत गं. दर फोटोत कोपऱ्यात माझा हात येतो, म्हणून मी भांडायचे. मुद्दाम काढत होते मेले!"

नणंदेनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "वहिनी, दादा स्वतःला कधी मालक म्हणाला होता का?"

वहिनींनी डोळे पुसले. ओल्या हातांनीच कीबोर्ड ओढला आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं: मालकीणबाई.

"अगं, चुकलं तर?"

"चुकू दे."

खातं उघडलं. एकेक खुर्ची, एकेक हात, सगळं जागच्या जागी होतं. दोघींनी ते उतरवून घेतलं. दुसऱ्या कंपनीत नवं खातं काढलं, वहिनींच्या स्वतःच्या नंबरावर. पासवर्ड वहिनींनीच ठरवला.

"आणि प्रश्न? नवा घालू?"

"तोच असू दे."

तेवढ्यात फोन वाजला. "मालक आहेत का?"

वहिनींचा फोन धरलेला हात सवयीनं शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे गेला, आणि परत कानाशी आला.

"बोला," त्या म्हणाल्या, "मीच बोलतेय."